प्रतिसाद: होळीचं जेवण आणि उपाशी राहण्याचा हिशेब

सकाळपासून काही न खाता दुपारी पुरणपोळीवर ताव मारला तर कॅलरींचा हिशेब जुळतो, असं काही जण म्हणतात. तो सहसा जुळत नाही. कडकडून भूक लागलेली असताना तळणातली भजी आणि कुरडया पानावर बसायच्या आधीच पोटात जातात, त्या कुणी मोजत नाही. सकाळी वाटीभर उसळ किंवा दोन अंडी खाऊन घ्या.

आता पोळीचं बघू. 200 ग्रॅम हरभरा डाळ, 200 ग्रॅम गूळ आणि 200 ग्रॅम कणीक मिळून साधारण 2150 कॅलरी होतात. यात 8 पोळ्या केल्या तर एक 270ची, 12 केल्या तर 180ची. गूळ 150 ग्रॅमवर आणला तरी 8 पोळ्यांत पोळीमागे जेमतेम 25 वाचतात, चव मात्र जाते. म्हणून गुळाला हात लावू नका, उंडा लहान घ्या. लिंबाएवढं पुरण पुरतं.

खरी गडबड तुपाची. लहान चमचाभर तूप 45 कॅलरी, मोठा चमचा सव्वाशेच्या आसपास. वाढणारी थेट तांब्यातून धार सोडते तेव्हा मोठे दोन चमचे सहज पडतात, म्हणजे तूपच जवळजवळ पोळीएवढं! लहान चमच्यानं वाढा, तेही गरम पोळीवर. पातळ होऊन सगळीकडे पसरतं.

कटाची आमटी वाटीत घेऊन प्या, भातावर ओतत गेलात की भात वाढत जातो. वरणभाताची मूद एकच, लहान. आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर सकाळचं खाणं स्वतःच्या मनानं अजिबात चुकवू नये, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.