भाड्याच्या फ्लॅटची घरपट्टी, प्रोफेशनल टॅक्स: रिटर्नमध्ये काय वजा होतं?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. चिंचोळी एमआयडीसीत नोकरी करतो. राहतो साखर पेठेत, वडिलांच्या घरी. जुळे सोलापुरातला माझ्या नावावरचा फ्लॅट महिना ८,००० रुपये भाड्याने दिलाय. त्याची मागची थकलेली आणि यंदाची घरपट्टी मार्चमध्ये एकदम भरली, मिळून ९,०००. पगारातून प्रोफेशनल टॅक्सही कापतात. यातलं रिटर्नमध्ये काय वजा करता येईल? इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये (करआकारणीची नवी पद्धत, जिच्यात बहुतेक वजावटी नसतात) काहीच मिळत नाही, असं ऑफिसात सगळेच म्हणतात.

होटगीरोड
घरपट्टी मिळते की, नव्या रिजीममध्येसुद्धा! हे लोक सोडून देतात, म्हणून सविस्तर लिहितो. अट अशी की घर भाड्याने दिलेलं हवं, घरपट्टी मालकाने स्वतः भरलेली हवी आणि ती त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेली हवी. बिल कुठल्या वर्षाचं ते बघत नाहीत, त्यामुळे तुमची थकबाकीही यंदाच धरा. उशिराची शास्ती (दंड) लागली असेल तर ती मात्र बाजूला काढा, ती कर नव्हे.

वर्षाचं भाडं ९६,०००, त्यातून ९,००० गेले, राहिले ८७,०००. यावर सरसकट ३० टक्के सूट, म्हणजे २६,१००. करपात्र उरले ६०,९००. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा मिळत नाही. महापालिकेच्या पावत्या जपून ठेवा.

विजापूर_वेस
प्रोफेशनल टॅक्स फक्त जुन्या रिजीममध्ये. महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. तेवढ्यासाठी जुनी रिजीम घेऊ नका, दोन्हीकडचा हिशोब मांडूनच ठरवा. फ्लॅट यंदाच घेतला असेल तर स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी ८०सी कलमाच्या दीड लाखाच्या वजावटीत बसते, तीही जुन्यातच.

आणि टीडीएस (पगारातून आधीच कापलेला इन्कम टॅक्स) उत्पन्नातून वजा करू नका. तो एकूण निघालेल्या करातून वळता होतो.

जुळे_सोलापूरकर
फार मोलाची माहिती दिलीत. फ्लॅट जुना आहे, त्यामुळे स्टॅम्प ड्युटीचा प्रश्न नाही. साखर पेठेतल्या घराची घरपट्टीही मीच भरतो, ती धरू का?

होटगीरोड
नाही. ते घर वडिलांच्या नावावर आहे. आणि तुमच्या नावावर असतं तरी स्वतः राहत्या घराचं वार्षिक मूल्य (घरापासूनचं वर्षाचं उत्पन्न) शून्य धरतात, त्यातून घरपट्टी वजा होत नाही. फक्त फ्लॅटचीच लावा.