ज्यूल व्हर्नचा पूर्ण अनुवाद कोणता? मदत हवी आहे

भा. रा. भागवतांच्या मराठी अनुवादांमुळे लहानपणी व्हर्नचं वेड लागलं, आता मुलीसोबत त्याची ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ ही कादंबरी परत वाचायला घेतलीय. कॅप्टन नेमोच्या पाणबुडीचं झाकण उघडताच आत सरपटत आलेला महाकाय स्क्विडचा तो लांबलचक हात आणि त्यावर कुऱ्हाडीचा घाव, तिथे ती अक्षरशः श्वास रोखून बसली होती! पण आमची इंग्रजी प्रत १८७३ च्या सुमाराच्या अनुवादाची निघाली, त्यात जवळजवळ पाव पुस्तक गाळलंय, समुद्री जीवांची वर्णनं, नेमोची मतं, बरंच काही. मला तेच तर हवंय, कारण पुढच्या एका कादंबरीत तो बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो तेव्हा त्याचा राग आधीच कळलेला हवा ना. मूळ फ्रेंचवरून केलेला, न कापलेला अनुवाद कुणी वाचलाय का? दहा वर्षांच्या मुलीला झेपेल असा, मराठीत असेल तर फारच छान.