टोकियोत चार दिवस: मासे टाळून खायचं कुठं, आणायचं काय?

रावेर_केळीबाग: मुक्काम उएनोजवळ. अंडं चालतं, मासे-मटण नाही. तिखटाशिवाय घास उतरत नाही. सुचवा.

बोदवडकर: भो, मटण दिसतं, मासा दिसत नाही, फसगत तिथंच. सोबा-उदोन या शेवयांचा रस्सा, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूप, सगळ्याला बहुधा 'दाशी'चं पाणी: सुकवलेल्या कात्सुओ माशाचा कीस आणि कोंबू हे समुद्री शेवाळ. 'नीकु नाशी' म्हणजे मांस नको. त्यात मासा येत नाही, म्हणून दाशीचं वेगळं विचारा. 'शोजिन र्योरी' हे बौद्ध मठातलं जेवण बिनधास्त खा, फक्त बुकिंग आधी करा.

'याकिनासु' मागवाल तर आपल्या भरताची आठवण येईल. वांगं तसंच भाजून सोललेलं, पण ठेचलेलं नाही. सोबत आलं, सोया सॉस. वर कात्सुओचे पापुद्रे पसरतात, वाफेनं हलतात. ऑर्डर देतानाच 'कात्सुओबुशी नुकी दे' (माशाचे पापुद्रे नकोत) म्हणा, नंतर वेचत बसाल.

धुळ्याची_मिरची: तिखटासाठी आसाकुसातलं यागेनबोरी, १६२५ पासूनचं शिचिमी या तिखट मसाल्याचं दुकान. मिरची, काळे तीळ, खसखस, सान्शो (जपानी तिरफळासारखं), संत्र्याची साल असे सात जिन्नस. 'ओओकारा' म्हणजे जहाल, तरी आपल्या शेवभाजीपुढं लहान पोर! पुडी छोटीच घ्या, वास उडतो.

उएनो-आसाकुसाच्या मधे काप्पाबाशी, भांड्यांची गल्ली. रविवारी बरीच दुकानं बंद. सुरी घेतली तर चेक-इन बॅगेत टाका.

रावेर_केळीबाग: आणि डाळ-मसाला संपला तर?

बोदवडकर: शिन-ओकुबो स्टेशन. जवळच्या गल्लीत डाळी, हळद, जिरं, सगळं मिळतं. कळण्याचं पीठ मात्र घरूनच न्या.