वैशाखात टोमॅटोची फुले गळतात, पाणी वाढवावे का?

प्रश्न (परभणी)
आमच्या परसात काळ्या जमिनीत टोमॅटो, मिरची, भेंडी आणि लिंबाचे एक झाड आहे. मे लागल्यापासून टोमॅटोला फुले भरपूर येतात, पण देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून गळतात. मिरचीची शेंड्याकडची पाने कडांनी वर वळून द्रोणासारखी झाली आहेत. भेंडी मात्र जोमात आहे. रोज सायंकाळी पाणी देऊनही दुपारी सारी रोपे माना टाकतात. पाणी वाढवावे की खत द्यावे, कृपया सांगावे.

उत्तर (लातूर)
ताई, दोन्ही नको. दिवसाचे तापमान ३५ अंशांपुढे गेले की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात, आणि आपल्याकडे या दिवसांत पारा ४० अंशांवर जाऊन रात्रीही हवा निवत नसल्याने फूल उमलले तरी फळ धरत नाही. भेंडी मुळातच उष्णता मानणारी, म्हणून ती तग धरते. युरिया दिल्यास पाला माजेल, फळ येणार नाही.

पाण्याचा अंदाज दुपारी न घेता पहाटे घ्यावा. तेव्हा पाने ताठ असतील तर मुळांशी ओल पुरेशी आहे. काळ्या रानाला पडणाऱ्या भेगांची मला अधिक काळजी वाटते, कारण त्यांतून ओल उडून जाते आणि बारीक मुळे तुटतात. हलक्या खुरपणीने भेगा बुजवून त्यावर सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट चार बोटे जाड पसरावे, मात्र बुंध्याला चिकटू देऊ नये.

उत्तर (हिंगोली)
मिरचीबद्दल थोडे. पाने वर वळली तर बहुधा फुलकिडे असतात, खाली वळली तर कोळी. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून पाहा. निंबोळ्यांची ५० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, ऊन उतरल्यावर फवारावी. लिंबाची छाटणी आता करू नका, उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने भाजते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. कागदावर पिवळसर, लांबट, धावणारे बारीक किडे दिसले. जुने टोमॅटो ठेवावेत का?

उत्तर (लातूर)
ते फुलकिडेच. निरोगी झाडे सावलीच्या जाळीखाली राखा, पण त्यांच्यावरच विसंबू नका. रोहिणी नक्षत्रात सावलीत नवे बी टाकले, तर मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत रोपे लावणीला येतील.