लेट्रोझोल, सांधेदुखी आणि ॲक्युपंक्चर
ताई, स्तनाच्या कॅन्सरवरच्या लेट्रोझोल या गोळीमुळे सकाळी बोटं आखडतात, कणीक मळवत नाही, गोळी सोडावीशी वाटते असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून परस्पर सोडू नका. कॅन्सर उलटू नये म्हणूनच ती दिलेली असते. इथे वर कुणी ॲक्युपंक्चरला, म्हणजे सुया टोचण्याच्या उपचाराला, निव्वळ मनाचे खेळ म्हटलंय, ते मला पटत नाही. अमेरिकेत याच सांधेदुखीवर २२६ महिलांची चाचणी झाली, २०१८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सहा आठवड्यांत खऱ्या सुयांच्या गटाचं दुखणं दहापैकी साधारण दोन अंकांनी उतरलं, खोट्या सुयांच्या (म्हणजे भलत्याच जागी नुसत्या वरवर टोचलेल्या) गटाचं एकाने. फरक लहान, पण रोज ठणकणाऱ्या हाताला तोही हवाच असतो. आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना (ऑन्कोलॉजिस्टना) विचारा. सुया नव्या पाकिटातल्याच हव्यात, आणि काखेतल्या लसीका गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील त्या बाजूच्या हाताला टोचू देऊ नका.