मदत हवी आहे : खसऱ्यात बटांक आहे, नकाशात नाही

इंदूर जिल्ह्यातील एका गावी आमची वडिलोपार्जित दोन एकर, म्हणजे 0.809 हेक्टर जमीन आहे. मूळ खसरा क्रमांक (जमिनीच्या तुकड्याचा सरकारी क्रमांक) 214/2 असून, वडील व काका यांच्यातील वाटपाच्या आदेशानंतर खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, 214/2/1 (0.405) आणि 214/2/2 (0.404) अशी बटांकांची (पोटक्रमांकांची) स्वतंत्र नोंद झाली. नकाशावर मात्र अजून 214/2 हा एकच अखंड तुकडा दिसतो, मधली रेघ कुठेच नाही. महाराष्ट्रातले नातेवाईक गट नंबर आणि सातबाऱ्याच्या हिशेबाने सल्ला देतात. इथे तो लागू पडत नाही.

खसरा, बी-1 (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) व नकाशा यांच्या प्रमाणित प्रती मी काढल्या आहेत. मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम 129 खाली सीमांकनाचा अर्ज केला होता, परंतु आधी नकाशात तरमीम (वाटपाप्रमाणे दुरुस्ती) करून घ्या, असे सांगून तो परत करण्यात आला. वाटपाच्या आदेशात क्षेत्रफळ आहे, पण कोणता भाग कोणाचा हे दाखवणारा कच्चा नकाशा जोडलेला नाही. प्रत्यक्षात पूर्वेकडचा नाल्यालगतचा भाग आम्ही कसतो, पश्चिमेकडचा चुलतभाऊ. मधल्या बांधावर दोघांचाही वाद नाही. विक्री करायची नाही, त्यामुळे नवी रजिस्ट्री हा मार्ग कृपया सुचवू नये. चुलतभाऊ पुण्यात असतात. वारंवार येणे त्यांना शक्य नाही.

अशा स्थितीत तरमीमचा अर्ज मी एकट्याने करून त्यांचे नोटरी केलेले संमतिपत्र जोडले तर चालते, की मोजणीच्या दिवशी दोन्ही खातेदारांनी बांधावर हजर राहावेच लागते?