मंडळात जलरंगाचा डेमो द्यायचाय, रंग वाळेपर्यंत माइकवर बोलायचं काय?

घाटावरचा_ब्रश
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून जलरंग करतो, अधूनमधून एखादं चित्र विकलंही जातं, त्यामुळे स्वतःला चित्रकार म्हणवून घेतो (घरच्यांचं मत वेगळं आहे). सुट्टी मिळाली की वाई नाहीतर मेणवली गाठायची आणि घाटावर बूड टेकायचं. मागे उभं राहून कॉमेंट मारणाऱ्यांची आता सवय झालीय. मेणवलीत तर ठरलेला प्रश्न, "शूटिंग कधी सुरू होणार?" तिथे इतक्या पिक्चरची शूटिंगं झालीत की बोर्ड घेऊन बसलेला माणूस सेटवालाच वाटतो त्यांना. वाईला ढोल्या गणपतीचं देऊळ काढत होतो तर एक आजी बराच वेळ बघून म्हणाल्या, "गणपती कुठाय रं ह्यात?" म्हटलं, आजी, तो आत आहे. "मग आत जाऊन काढ की, भाईर उन्हात कशाला बसलायस."

तर मुद्दा असा की घाटावर लोक बोलतात आणि मी गप्प असतो, हे जमतं. पण आता सोसायटीच्या गणपतीत मला पाऊण तासाचा डेमो दिलाय, पाककृती स्पर्धेचा निकाल आणि फॅन्सी ड्रेस ह्यांच्या मधोमध. हातात माइक. भाद्रपदातली दमट हवा, पहिला वॉश (म्हणजे पाणीदार रंगाचा पहिला हात) वाळता वाळत नाही, तेवढा वेळ समोरच्या खुर्च्यांशी काय बोलायचं? समितीच्या काकू म्हणाल्या, "जरा हसतंखेळतं ठेवा." म्हणजे जोक सांगू का?

ड्रॉइंगचे_सर
जोक अजिबात सांगू नकोस, लोक हसले नाहीत तर हात थरथरतो आणि मग झाडाची फांदी कुठंही जाते.

आधी कामाचं सांगतो. दोन बोर्ड ने. एकावर घरूनच पहिला वॉश देऊन वाळवून ठेव, स्टेजवर दुसऱ्या कोऱ्या कागदावर आकाश-पाणी ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या कागदावरच रंग सोडून, करून दाखव आणि तो बाजूला ठेवून वाळलेल्यावर पुढचं काम सुरू कर. स्वयंपाकाच्या कार्यक्रमात करतात तेच. हेअर ड्रायर वापरणार असशील तर कागदावरची चकाकी गेल्याशिवाय लावू नको, नाहीतर हवेनं पाणी ढकललं जातं आणि आकाशात फुलकोबीसारखा डाग उगवतो. आणि मांडववाल्याला आधी विचार, कारण माळा, साउंड आणि ड्रायर एकाच बोर्डावर लावलास तर अंधारातच आरती. लाइट पिवळे असतील तर तुझा पिवळा रंग तुलाच दिसणार नाही, निळा मळकट दिसेल, मग तू उगाच ओतत बसशील आणि सकाळी उजेडात बघून कपाळाला हात. एक पांढरा दिवा स्वतःचा ने. कागद किमान 15 बाय 22 इंचाचा घे, लहान काढलंस तर तिसऱ्या रांगेपासून सगळे मोबाइल काढतील.

बोलायचं म्हणशील तर लोकांनाच बोलतं कर. समोरच्यांत निम्म्यांनी तरी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असणार. "स्थिरचित्राला काय ठेवलं होतं?" एवढंच विचार. बादली, वांगी, मागच्या फडक्याच्या घड्या आणि शेजारच्यानं सांडलेलं पाणी, हे सगळं बाहेर येतं, तुझा वॉश वाळून कडक होतो.

कोल्हापूरला आमच्याकडं तर प्रेक्षक गप्प बसतच नाही. अबालाल रहिमान शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, पण जीव सगळा कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या काठावर. त्या पाण्याला इतकी वर्षं चित्रकार बघायची सवय आहे की इथं येणारा-जाणारा प्रत्येक जण समीक्षक. रंकाळ्यावर मी बसलेलो, एक जण सायकल थांबवून म्हणाला, "सर, म्हस लई रोड काढलीसा, दूध किती देणार ही?" असली दाद गॅलरीत मिळत नाही, तिथं सगळे नुसते "छान, छान" म्हणून चहाकडं जातात.

लग्नातला_कॅरिकेचरवाला
सरांचं पांढऱ्या दिव्याचं लिहून ठेव, लाख मोलाचं आहे. मी ठाण्याला लग्नात, सोसायट्यांत लाइव्ह कॅरिकेचर काढतो. माझ्या धंद्यातली गंमत म्हणजे नाक मोठं काढायला बोलावतात आणि समोर बसलं की "दादा, जरा बारीक काढा हां, आणि केस थोडे भरा." मग ते कॅरिकेचर उरतं कुठे, आधार कार्डावरचा फोटो बरा.

पण कोणी पैशाचं विचारलं नाही म्हणून मी विचारतो. मानधन काय ठरलंय? मांडववाल्याला पैसे, साउंडवाल्याला पैसे, जादूगाराला पैसे आणि चित्रकाराला शाल-श्रीफळ. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद काय भावाने येतो ते समितीला एकदा बिल दाखवून सांग. भांडायचं नाही, गोड बोलून "मटेरियलचा खर्च" म्हणायचं, मानधन म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात, मटेरियल म्हटलं की लगेच व्हाउचर निघतं. आणि चित्र शेवटी कोणाचं, हे आधीच ठरव. नाहीतर अध्यक्ष "वा वा" करत फ्रेमसकट घरी घेऊन जातात.

मागची_खुर्ची
मी चित्रकार नाही, बघणाऱ्यांतली आहे. सर, तुमचं पटत नाही. मुंबईत काळा घोड्याच्या कला महोत्सवाला दर वर्षी जाते, तिथे रस्त्यावर बसून कुणी काढत असलं की आम्ही उभे राहतो ते ऐकायला नाही. रंग पाण्यात पसरताना बघायला छान वाटतं, तेव्हा कोणी बादली-वांगी विचारलं तर मी निघून जाईन. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही तर आभाळ कोसळत नाही. लहान मुलं पुढे बसव, ती काय ते विचारतील.

ड्रॉइंगचे_सर
ताई, काळा घोड्याला चालतं, तिथं निवेदक नसतो. सोसायटीत दोन मिनिटं माइक गप्प राहिला की तो घेऊन कुणीतरी हरवलेल्या चपलांची घोषणा करतं. मुलं पुढं बसवण्याचं मात्र मान्य, फक्त पाण्याचा डबा त्यांच्या हाताला लागेल असा ठेवू नको.

घाटावरचा_ब्रश
सगळ्यांना धन्यवाद. दोन बोर्ड पक्के, दिवा मित्राकडून आणतोय, मुलं पुढे. आकाश टाकताना गप्प बसणार आणि वाळताना एलिमेंटरी काढणार, म्हणजे दोन्ही पार्ट्या खूश. आत्ताच काकूंना फोन करून "मटेरियलचा खर्च" म्हटलं, चक्क हो म्हणाल्या! शाल नको म्हटलं तर म्हणाल्या, "ती घ्यावीच लागेल, मागच्या वर्षीच्या जादूगाराने न्यायची राहिली, तेव्हापासून कपाटात पडलीय." चित्राचा लिलाव करून पैसे मंडळाला द्यावेत असंही त्या म्हणतायत. ठाणेवाले दादा, बोली कितीपासून लावू?

लग्नातला_कॅरिकेचरवाला
कागदाच्या बिलापासून. आणि पहिली बोली लावायला आपलाच एक माणूस बसव, नाहीतर लोक पंख्याकडे बघत बसतात.